कोंबडीची वही

शास्त्रभाग : अनुवाद २२:६-७, नीतिसूत्रे १२:१०, मत्तय २३:३७

काही काळापूर्वीची गोष्ट. शब्बाथशाळेच्या वर्गात आम्ही मुलांना कोंबडीचे चित्र काढावयास सांगितले. धडा मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातील होता. यरुशलेमेकडे पाहून प्रभू कळवळला आणि कोंबडी आपली पिले पंखांखाली घेते त्या दृष्टान्ताने बोलला, तो भाग. चित्र काढता काढता धडा मनात ठसेल, एवढाच आमचा हेतू होता. चौदा चित्रे जमा झाली. बहुतेकांनी वाण्याच्या दुकानातील अंड्यांच्या खोक्यावर असते तशी कोंबडी काढली होती. दोघांनी तिला माणसासारखे ओठ दिले होते. एकाने तर चार पाय काढले होते.

आम्ही हसलो, परंतु घरी जाताना ते हसू टिकले नाही. त्या मुलाने कोंबडी पाहिली तरी कोठे होती? आमचे इंदूर २०१७ सालापासून देशातील स्वच्छ शहरांच्या यादीत वर्षानुवर्षे पहिले येत आले. रस्त्यावरची मोकाट गुरे गेली, वस्तीतील तबेले शहराबाहेर गेले, उकिरडे गेले आणि त्यांच्याबरोबर उकिरडा उकरणाऱ्या कोंबड्याही गेल्या. याविषयी आमची तक्रार नाही. स्वच्छता ही मोठीच गोष्ट आहे. पण परिणाम असा झाला की, आपल्या मुलांना दूध पिशवीतून, अंडे खोक्यातून आणि मांस काळ्या प्लॅस्टिकच्या थैलीतून येते एवढेच ठाऊक. ज्या जिवांवर आपला संसार चालतो ते जीव दिसेनासे झाले आहेत.

आणि मुलांचेच कशाला? आम्ही ईश्वरज्ञानशास्त्राची पदविका घेतली आहे. मत्तय २३:३७ या वचनावर आजवर दहाबारा वेळा तरी उपदेश केला असेल. परंतु कोंबडी पिलांना पंखांखाली कशी घेते, हे आम्ही जन्मात कधी बसून पाहिले नव्हते. दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलेले आम्ही मंडळीला सांगत होतो. चार पाय काढणाऱ्या मुलात आणि आमच्यात फरक एवढाच की, आमची चूक कागदावर उमटली नव्हती.

त्याच पावसाळ्यात झाबुआकडील एका भगिनीने आमच्या घरी एक तांबूस गावठी कोंबडी भेट दिली. नाताळला होईल, असे ती म्हणाली. पुढे ती कोंबडी खुडूक बसली तेव्हा आमच्या पत्नीने झाबुआहूनच कडकनाथाची नऊ अंडी मागविली. कडकनाथ ही झाबुआ, अलीराजपूर, धार या भागातील काळी जात. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. या जातीची कोंबडी स्वतः उबवायला फारशी बसत नाही, म्हणून तिकडील लोक तिची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवतात. परसात डालगे ठेवले, भुसा घातला, आणि आमच्या मनात आले की आपली शाळा येथेच का भरवू नये?

शब्बाथशाळेची सहा मोठी मुले आळीपाळीने येऊ लागली. प्रत्येकाला एक कोरी वही दिली. वहीचा नियम असा होता : डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर वेळ घालून नोंद. चित्रात डोळ्यांना दिसेल तेवढेच काढायचे. कोंबडी अशी असते म्हणून काढायचे नाही. नोंदीत जे घडले तेवढेच लिहायचे; ‘बिचारी’, ‘लबाड’, ‘रागीट’ हे शब्द लिहायचे नाहीत. आणि पानाच्या तळाशी, ज्याचे उत्तर आपल्याला माहीत नाही असा एक प्रश्न.

ही रीत आमच्या डोक्यातून निघाली असे कोणी समजू नये. ती याच प्रदेशाची देणगी आहे. येथे दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली चित्रशाळा काढली. नारायण श्रीधर बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन यांनी चित्रकलेचे पहिले धडे तेथेच गिरवले. हुसेन यांचे घोडे पुढे जगभर गेले. खोलीत बसून नमुन्याबरहुकूम रेघा ओढण्यापेक्षा बाहेर पडून डोळ्यांपुढे आहे ते काढावे, हे वळण त्या शाळेने लावले. त्याच परंपरेतील विष्णू चिंचाळकर (१९१७-२०००), सगळ्या इंदूरचे ‘गुरुजी’, वाळकी पाने, काटक्या, बिया, फाटके कागद हाती घेऊन त्यांत दडलेले पक्षी आणि प्राणी मुलांना दाखवीत. आधी नीट पाहा, मग हात लावा, ही त्यांची शिकवण.

दुसरी देणगी नर्मदेकाठची. होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे हल्लीच्या नर्मदापुरम् जिल्ह्यात, १९७२ साली सोळा शाळांतून विज्ञान शिकविण्याचा एक नवा उपक्रम सुरू झाला. तो सुरू करणाऱ्या दोन संस्थांपैकी एक रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर, म्हणजे क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती बांधवांनी उभारलेले केंद्र, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांना क्वचितच ठाऊक असते. १९७८ साली हा उपक्रम साऱ्या जिल्ह्यात पसरला आणि २००२ साली शासनाने तो बंद करीपर्यंत हजारो मुले त्यातून गेली. गुरुजींनी सांगितले म्हणून खरे, असे तेथे नव्हते. शेतात जा, ओढ्यावर जा, पाहा, मोजा, स्वतःच्या शब्दांत लिहा, असे होते. चित्रकाराचा डोळा आणि विज्ञानाची नोंदवही ही दोन्ही इंदूरच्या अंगणात होतीच; आम्ही ती एका वहीच्या दोन पानांवर समोरासमोर ठेवली, इतकेच.

आता या वह्यांतून काय निघाले ते सांगतो.

पहिला घोटाळा पायांचा झाला. मुले पाय काढीत आणि खोडून टाकीत. कोंबडीचा गुडघा उलटा, मागे वाकतो, असे सगळ्यांचे म्हणणे पडले. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा आमच्या मंडळीतील एक तरुण त्या दिवशी आला होता. तो म्हणाला, “तो गुडघा नाहीच. तो घोटा आहे. गुडघा वर पिसांत झाकलेला आहे आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. कोंबडी चवड्यांवर चालते.” मुले लगेच उठून चवड्यांवर चालू लागली. चित्र काढले नसते तर हा प्रश्न पडला नसता. शास्त्र नसते तर त्याचे उत्तर मिळाले नसते.

दुसरी गोष्ट मानेची. कोंबडी चालते तेव्हा मान पुढेमागे हलवते असे आपण समजतो. एका मुलाने काठी रोवून, तिच्या रेषेत डोके कोठे आहे ते पाहून आठ चित्रे काढली. त्यांतून दिसले की, डोके एका जागी स्थिर थांबते आणि धड पुढे जाते. मग डोके झटकन पुढे येऊन पुन्हा थांबते. तिच्या डोळ्यांना जग स्थिर दिसावे म्हणून ही योजना. आपण जिला वेडगळ मान हलवणे म्हणतो, ती तिची पाहण्याची रीत आहे.

तिसरी, धुळीची. दिवसातून एकदाच कोंबडी अंड्यांवरून उठे, वीस-पंचवीस मिनिटे बाहेर राही. त्या थोडक्या वेळात खाणे, पिणे आणि शी झाली की ती कोरड्या मातीत खड्डा करून पिसांत धूळ उडवीत लोळे. एका मुलीने आधी लिहिले होते, “खेळते.” नियमाप्रमाणे तिने तो शब्द खोडला आणि लिहिले, “धूळ पिसांत घेते, मग उठून झटकते.” हे कोंबडीचे स्नान असते. जास्तीचे तेल आणि उवा त्याने निघून जातात. इतक्या अपुऱ्या वेळातून तिने स्नानासाठी वेळ काढावा, यावरून त्याची गरज कळते.

चौथी, अंड्यांची. विसाव्या दिवशी सकाळी मुलांनी डालग्याशी कान लावला तेव्हा अंड्यांच्या आतून चिवचिव ऐकू आली; आणि कोंबडी बारीक घोगऱ्या आवाजात तिला उत्तर देत होती. पिलू कवचाबाहेर येण्यापूर्वीच आईचा आवाज ओळखू लागते, हे शास्त्रज्ञांनी नोंदविलेले आहे. आमच्या मुलांनी ते आपल्या कानांनी ऐकले. एकविसाव्या दिवशी सात पिले निघाली. सगळी काळसर, पाठीवर गडद पट्ट्यांची. आई तांबूस. दुसऱ्याच्या रंगाची, दुसऱ्या जातीची ती पिले तिने क्षणभरही परकी मानली नाहीत. या पानाच्या तळाशी एका मुलाने प्रश्न लिहिला होता, “तिला रंग दिसत नाही का?” दिसतो, आपल्यापेक्षा अधिकच दिसतो. माणसाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, कोंबडीच्या डोळ्यांत चार प्रकारच्या असतात. तिला रंग दिसत होता. तिने तो मोजला नाही, एवढेच.

परंतु सर्वांत मोठा धडा मिळाला तो आम्हांला. पिले आठ दिवसांची असताना परसावरून घार गेली. आम्ही उपदेशात नेहमी सांगत असू की, संकट येताच कोंबडी धावत जाऊन पिलांना गोळा करते. तसे काहीच झाले नाही. वहीतील नोंद अशी आहे : “घार आली. कोंबडी जागेवरच थांबली. एक लांब आवाज काढला. पंख अर्धे उघडले. पाच पिले धावत आत गेली. एक भिंतीशी चिकटून बसले. एक खात राहिले. कोंबडी त्याला हाक मारत राहिली, जागची हलली नाही.” घार निघून गेली, सातही पिले वाचली. पण त्या मुलीने विचारले, “काका, ती त्याला उचलून का आणत नाही? मांजर तर पिलाला तोंडात धरून आणते.”

कोंबडीला पिलू उचलता येत नाही. तिला दोनच गोष्टी येतात : हाक मारणे आणि पंख उघडे ठेवणे. येणे न येणे पिलाचे. वाचकहो, त्या क्षणी आम्हांला ते वचन प्रथमच कळले असे म्हटले तर चालेल. एकवट करण्याची माझी कितीदा इच्छा होती, पण तुमची नव्हती, अशा अर्थाचे प्रभू बोलतो. त्याने सिंहिणीचा दृष्टान्त दिला नाही, मांजरीचा दिला नाही. ज्या आईला जबरदस्ती करताच येत नाही अशा आईचा दिला. हे त्याने कोठल्या पुस्तकात वाचले नव्हते. गालीलातील कोणाच्या तरी अंगणात बसून पाहिले असले पाहिजे. आमच्या पदविकेच्या अभ्यासात जे हाती लागले नाही, ते बारा वर्षांच्या मुलीच्या वहीत उजव्या पानावर होते.

येथवर सर्व गोड आहे. आता कठीण भाग.

नाताळ जवळ आला. नागपूरकडचे पाहुणे येणार होते. घरात बोलणे निघाले की कोंबडी त्यासाठीच आली होती. मुलांच्या कानावर ते गेले. ती मुलगी आमच्या दारात उभी राहिली, रडली नाही, वही पुढे केली आणि म्हणाली, “काका, हिला कापणार?” आम्हांला उत्तर सुचले नाही. आमच्या पत्नीने वही चाळली आणि कोंबडी राहू द्यावी असे ठरले. मुले आनंदाने नाचली. आम्हीही मनात म्हटले, चला, दयेचा एक धडा झाला.

नाताळच्या दिवशी चौकातल्या दुकानातून दोन किलो चिकन आणले. मुलगी आईवडिलांबरोबर जेवायला आली होती. ताटाकडे बघून तिने हळूच विचारले, “हिची वही कोणी लिहिली असती तर?”

या प्रश्नाने तो नाताळ आमचा गेला, असे म्हणणार नाही. गेला नाही, खरा झाला. मुलीने आमच्या दयेची किंमत एका वाक्यात दाखवून दिली. जिला आम्ही ओळखत होतो ती वाचली. जिला ओळखत नव्हतो ती ताटात आली. दोघींत फरक कोणता? एकीचे चित्र होते, दुसरीचे नव्हते. ही दया होती की केवळ ओळखीपाळखीचा पक्षपात?

या प्रश्नावर आम्ही पुष्कळ विचार केला, आणि आम्हांला वाटते की येथेच त्या दोन पानांचे खरे नाते आहे. चित्र आपल्याला एका जिवाशी जोडते. ही कोंबडी, हा तुरा, ही तुटकी नखी. त्यावाचून प्रेम जन्मत नाही. कारण ‘कोंबडी’ या जातिवाचक नावावर कोणी प्रेम करू शकत नाही. परंतु केवळ चित्रावर थांबले तर प्रेमाचा लाड होतो. आपल्या अंगणातील एकीला जपायचे आणि दुकानातल्या हजारोंना विसरायचे. विज्ञान याच्या पुढे नेते. ते म्हणते, तुमच्या कोंबडीला धुळीत लोळण्याची गरज आहे ती तिचा लहरी स्वभाव म्हणून नव्हे; ती कोंबडीजातीची गरज आहे. जी गोष्ट हिच्याविषयी खरी, ती पिंजऱ्यातील त्या प्रत्येकीविषयी खरी. चित्राने एक शेजारी मिळतो; विज्ञानाने कळते की शेजारी एकच नाही.

उलट, विज्ञान एकटे सोडले तर तेही वाकडे जाते, हे इतिहासाने दाखविले आहे. सतराव्या शतकात देकार्त या थोर तत्त्ववेत्त्याने पशू म्हणजे जणू यंत्रे असे मांडले. त्या मताचा आधार घेऊन पशूंच्या ओरडण्याला यंत्राच्या करकरीइतकीच किंमत देणारे निघाले. आपल्या काळात कोणते खाद्य किती घातले म्हणजे किती अंडी निघतात, एका पिंजऱ्यात किती कोंबड्या कोंबल्या तर परवडते, हाही अभ्यासच आहे, आकडेही खरे आहेत. नोंदवहीचे उजवे पान भरलेले आहे. डावे पान कोरे आहे.

आणि कला एकटी सोडली तर? शेकडो वर्षे मोठमोठ्या चित्रकारांनी धावता घोडा काढला तो पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेला, हवेत तरंगणारा. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याची चित्रे घेतली तेव्हा दिसले की, चारही पाय जमिनीवरून उचललेले असतात खरे, पण त्या क्षणी ते पोटाखाली गोळा झालेले असतात. घोड्यावर प्रेम करणाऱ्या चित्रकारांनी घोडा नीट पाहिला नव्हता. याउलट नॉर्वेतील श्येल्देरुप-एब्बे हा मुलगा लहानपणापासून घरच्या कोंबड्यांत रमला. कोण कोणाला टोचते याच्या नोंदी ठेवीत राहिला. आणि कोंबड्यांच्या कळपात मानाची एक उतरंड असते, प्रत्येक कोंबडीला आपली जागा ठाऊक असते, हे त्याने मोठेपणी १९२२ साली जगापुढे मांडले. कळप लहान असेल तर ही उतरंड ठरते आणि भांडणे थांबतात. त्याने प्रत्येक कोंबडीला वेगळी म्हणून ओळखले होते, म्हणूनच त्याला नियम सापडला.

मुलांना आम्ही पुढच्या रविवारी एक साधे काम दिले. वहीचे एक सुटे पान मोजा. एकवीस बाय एकोणतीस पूर्णांक सात सेंटीमीटर. क्षेत्रफळ सुमारे ६२४ चौरस सेंटीमीटर. आपल्याकडील अंडी देणाऱ्या कोंबडीच्या पिंजऱ्यात एकीच्या वाट्याला सुमारे ४५० चौरस सेंटीमीटर जागा धरली जाते. मुलांनी पानाचा चौथा हिस्सा आणि वर थोडे कापून टाकले आणि उरलेला कागद आमच्या कोंबडीशेजारी जमिनीवर ठेवला. ती त्यावर उभी राहिली असती. पंख उघडता आले नसते. तळाला तार असते, धूळ नसते. अशा कोंबड्या उघड्या तारेवरच धूळ अंगावर घेतल्याच्या हालचाली करतात, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. हे ऐकून वर्गात कोणी बोलेना. युरोपीय संघाने असे उघडेबोडके पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. आपल्याकडे विधी आयोगाने २०१७ साली आपल्या २६९व्या अहवालात या प्रश्नाचा विचार केला. म्हणजे हा काही हळव्या मनाच्या माणसांचाच विषय राहिलेला नाही.

येथे कोणी बंधू विचारतील की, मंडळीचा याच्याशी काय संबंध? आहे, आणि जुना आहे. लंडनमध्ये १८२४ साली प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धची पहिली संस्था निघाली ती आर्थर ब्रूम या पाळकाच्या खटपटीने. गुलामगिरीविरुद्ध लढणारे विल्बरफोर्स तिच्या संस्थापकांत होते. संस्थेच्या कर्जापायी ब्रूम यांना तुरुंगात जावे लागले. आणि आपल्या देशात १९६०चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला त्यामागे एका नर्तकीचा आग्रह होता. भरतनाट्याला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत होत्या. विधेयक प्रथम त्यांनी मांडले, आणि १९६२ साली स्थापन झालेल्या पशुकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. जिने आयुष्यभर देहाची एकेक हालचाल न्याहाळली, तिला मुक्या देहांची वेदना दिसली, यात आश्चर्य काय? कोंबड्यांना पाय बांधून, डोके खाली करून सायकलीला टांगून नेतात ते आपण रोज पाहतो. विनाकारण यातना होतील अशा रीतीने प्राणी नेणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पण आपण ते ‘पाहतो’ म्हणजे काय करतो? चार पाय काढणाऱ्या मुलासारखे पाहतो.

शास्त्राचे म्हणणे आपणांस ठाऊकच आहे. घरट्यात पक्षीण पिलांवर बसलेली असेल तर आईला पिलांबरोबर नेऊ नये, असा नियम अनुवादात आहे. नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रकार सांगतो. योनाच्या पुस्तकाचा शेवट निनवेतील लेकरांसारख्या अजाण माणसांच्या आणि तेथील पुष्कळ गुराढोरांच्या उल्लेखाने होतो. मात्र मांस खावे की खाऊ नये याविषयी आम्ही आज्ञा देऊ इच्छीत नाही. नोहाला मांसाची मोकळीक मिळाली, प्रभूने मासे खाल्ले, आणि खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये व न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये, असे पौलाने रोमकरांस लिहिले आहे. आमच्या माळव्यात शेजारीपाजारी पुष्कळ जण शाकाहारी आहेत. कधी कोणी टोचून बोलले की आम्हीही चिडून उत्तर देतो. परंतु चिडून दिलेले उत्तर हे उत्तर नव्हे. मोकळीक आहे म्हणजे जबाबदारी नाही, असे शास्त्रात कोठेही नाही. आणि दूध पिणाऱ्यालाही आपल्या दुधामागच्या वासराचे काय होते, हा प्रश्न सुटत नाही. वही सगळ्यांनाच लिहावी लागेल.

आमच्या घरात काय झाले ते प्रामाणिकपणे सांगतो. आम्ही मांस सोडले नाही. पूर्वीपेक्षा कमी खातो. जेथून आणतो तेथे जनावर कसे ठेवतात हे विचारतो, आणि अंडी मोकळ्या कोंबड्यांची, झाबुआकडून येतील तेव्हाच घेतो. ती मुलगी कोंबडी खात नाही. तिच्या घरच्यांनी तिला जबरदस्ती केली नाही. तिच्या आणि आमच्या वागण्यात अंतर आहे. ते अंतर बुजविण्यासाठी आम्ही तिला एखादे सोयीचे वचन काढून देऊ शकलो असतो. दिले नाही, हे बरे केले असे वाटते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी दोन शब्द. दृष्टान्तांच्या धड्यांसाठी चित्रे विकत आणू नका. एखादा जीव वर्गाला दाखवा. कोंबडी नसेल तर शेजारची शेळी, दूधवाल्याची म्हैस, पारव्याचे घरटे चालेल. एकाच जिवाकडे चार आठवडे जा. दहा प्राणी एका दिवसात दाखवू नका. आधी मुलांना काढू द्या, मग मोजू द्या, मग विचारू द्या. चित्र चांगले आले नाही म्हणून हसू नका. चुकीच्या जागीच प्रश्न सापडतो. आपल्याला उत्तर ठाऊक नसेल तर नाही म्हणा, आणि पशुवैद्याला किंवा गवळ्याला बोलवा. धनगरासारखा शिक्षक मिळाला तर भाग्य समजा. आमच्या इंदूरवर राज्य करणारे होळकर मूळचे धनगरच. आणि मुलांचा एखादा प्रश्न आपल्याच ताटापर्यंत आला, तर विषय बदलू नका.

कोंबडी अजून आमच्या परसात आहे. आता ती अंडी फारशी देत नाही. गेल्या आगमनकाळात मत्तय २३:३७ वर बोलण्याची पाळी पुन्हा आमच्यावर आली, तेव्हा आम्ही व्यासपीठावर टिपणे नेली नाहीत. त्या मुलीची वही नेली आणि घारीच्या दिवसाचे पान वाचले.